रेस वाढवली की चार्जिंगचा दिवा का लागतो?
ट्रॅक्टर व जीप-पिकअपच्या चार्जिंगमधील दोष कसा ओळखावा

ट्रॅक्टर म्हटला की आपलं लक्ष डिझेलवर, ऑइलवर आणि टायरवर असतं. बॅटरी आणि चार्जिंग यांची आठवण होते ती सकाळी सेल्फ नुसता कट्‌कट् वाजला म्हणजे. मग चार माणसं गोळा करायची, ट्रॅक्टर उतारावर ढकलायचा आणि संध्याकाळी तालुक्याला जाऊन नवी बॅटरी आणायची. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार! कारण दोष बॅटरीत नव्हताच. दोष होता बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेत.

आज आपण या यंत्रणेच्या एका खास दुखण्याविषयी बोलणार आहोत. गाडी सावकाश चालते तेव्हा सगळं ठीक असतं. पण एकदम रेस दिली, भरलेली ट्रॉली चढाला लागली, की समोरचा लाल दिवा लुकलुकतो किंवा हेडलाइट मंद होतात. रेस सोडली की पुन्हा सगळं जागेवर. गॅरेजपर्यंत न्यावी तर तिथं काहीच दिसत नाही. त्यामुळे पुष्कळ जण त्याकडे दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष महागात पडतं.

महागात का पडतं?

जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला चालू राहायला वीज लागत नाही. चार्जिंग बंद पडलं तरी ते चालत राहतं आणि आपल्याला वाटतं, काही बिघडलेलं नाही. पण रात्री उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर हेडलाइट आणि मागचे लाल दिवे बॅटरीवरच जळू लागतात. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. ७५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी कागदावर सात-आठ तास पुरेल. पण अर्धी भरलेली, दोन-तीन वर्षं वापरलेली बॅटरी दोन-तीन तासांतच मान टाकते. मागचा दिवा विझलेली ट्रॉली अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. त्यात जीव जातो, दुसऱ्याचा किंवा आपला.

दुसरी गोष्ट. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या पिकअप आणि ट्रॅक्टरमध्ये डिझेल सोडण्याचं कामच विजेवर चालतं. तिथं बॅटरी उतरली की इंजिन जागच्या जागी बंद पडतं, मग ते घाटात असो की रेल्वे फाटकावर.

तिसरी गोष्ट. अनेक ट्रॅक्टरांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंप आणि पंखाही फिरवतो. तो घसरत असेल, तर चार्जिंग तर जातंच, पण इंजिनही तापतं. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा : लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटाही वर चढू लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करा. नाहीतर हेड गॅस्केटचा खर्च अंगावर येईल.

यंत्रणा चालते कशी?

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा आणि अल्टरनेटर म्हणजे ती भरणारा पंप. सेल्फ मारताना टाकीतून एकदम पुष्कळ पाणी जातं. इंजिन सुरू झालं की पंप टाकी भरू लागतो आणि दिव्यांनाही पुरवठा करतो. टाकी वाहून जाऊ नये म्हणून चावी लागते. ती चावी म्हणजे रेग्युलेटर. आणि पंप फिरवतो तो इंजिनाच्या पुलीवरचा पट्टा, आपण ज्याला फॅन बेल्ट म्हणतो तो.

जुन्या ट्रॅक्टरांना डायनामो असे. पुढे त्याची जागा अल्टरनेटरने घेतली. अल्टरनेटर कमी रेसवरही चांगलं चार्जिंग देतो, पण त्याच्या पोटात डायोड असतात आणि ते नाजूक असतात. हा फरक का सांगतो, ते पुढे येईल.

समोरच्या लाल दिव्याचं काम सोपं आहे. त्याच्या एका बाजूला बॅटरीचा दाब, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचा. दोन्ही दाब सारखे असले की दिवा विझलेला. फरक पडला की दिवा लागतो. म्हणून दिवा पुरता पेटतो की मिणमिणतो, केव्हा पेटतो आणि केव्हा विझतो, याकडे नीट लक्ष द्या. अर्धं निदान तिथंच होतं.

पहिली परीक्षा अगदी फुकटची आहे. इंजिन सुरू करण्याआधी चावी फिरवा. लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर बल्ब उडालेला आहे किंवा वायर तुटली आहे. काही अल्टरनेटरांना चार्जिंग सुरू करायला या बल्बमधून येणारी थोडी वीज लागते. बल्ब उडाला, तर मोठी रेस दिल्याशिवाय ते चार्जिंग धरतच नाहीत.

रेस दिल्यावरच दोष का दिसतो?

साधारण ३५ अँपिअर देणारा अल्टरनेटर १४ व्होल्टवर ४९० वॅट वीज देतो. अर्ध्या अश्वशक्तीहून जास्त झालं हे. घर्षण आणि उष्णतेत जाणारी शक्ती धरली, तर पट्ट्याला जवळजवळ एक अश्वशक्ती ओढावी लागते. शिवाय अल्टरनेटरची पुली लहान असते, त्यामुळे तो इंजिनाच्या दुपटीने किंवा त्याहून जास्त फिरतो. त्याच्या आतलं लोखंड आणि तांब्याचं वजन एकदम वेगात आणायचं, तर पट्ट्याला झटका बसतो. पट्टा ढिला असेल, गुळगुळीत झाला असेल, तर नेमका त्याच वेळी घसरतो. ओल्या काथ्याच्या गाठीसारखं आहे. हळू ओढलं तर धरते, हिसका दिला तर सुटते.

दुसरं कारण हादरा. जीप-पिकअपमध्ये इंजिन रबरी पायांवर बसवलेलं असतं आणि एकदम रेस दिली की ते एका अंगाला कलतं. सैल झालेली वायर किंवा अर्थिंगची पट्टी तेव्हा ताणली जाते आणि क्षणभर सुटते. ट्रॅक्टरचं इंजिन बहुधा सांगाड्यालाच घट्ट जोडलेलं असतं, ते कलत नाही. पण त्याचा थरथराट नट ढिले करतो.

तिसरं कारण अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश. ते झिजून आखूड झाले, की कमी वेगात टेकून राहतात. वेग वाढला की उडू लागतात आणि संपर्क तुटतो.

आणि चौथं कारण रेग्युलेटर. तो बिघडला तर दाब कमी होतो किंवा रेसबरोबर वाढतच जातो.

तपासणीला बसण्यापूर्वी

ट्रॅक्टर सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावून उभा करा. पी.टी.ओ. बंद ठेवा. फिरत्या पंख्याजवळ उपरणं, धोतराचा सोगा, साडीचा पदर, सैल बाही जाता कामा नये. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. ती टर्मिनलला आणि पान्याला एकदम टेकली तर बोट भाजतं. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

बाजारात साधा डिजिटल मीटर मिळतो. गावात दहा-बारा ट्रॅक्टर असतील तर वर्गणी काढून एक घेतला तरी चालेल. त्यावर २० व्होल्ट डी.सी.चा आकडा लावायचा, लाल काडी बॅटरीच्या अधिक टर्मिनलला आणि काळी उणे टर्मिनलला.

पायरी पहिली : पट्टा बघा

इंजिन बंद करा आणि चावी खिशात ठेवा. दोन पुलींमधलं सगळ्यांत लांब अंतर असेल तिथं मध्यावर अंगठ्याने पट्टा दाबा. सर्वसाधारणपणे १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा इंच दबला तर ताण बरोबर. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आता अल्टरनेटरचा पंखा हाताने फिरवून बघा. पट्टा जागेवर राहून पुली आतल्या आत फिरली, तर पट्टा ढिला आहे.

मग पट्ट्याच्या बाजू बघा. व्ही पट्टा पुलीला बाजूंनी धरतो, तळाने नाही. बाजू काचेसारख्या चकाकत असतील, पट्ट्याला चिरा पडल्या असतील, तर तो बदला. पुलीच्या खाचेचा तळ घासून चमकत असेल, तर पट्टा झिजून खाली बसला आहे किंवा पुली झिजली आहे. अशा वेळी कितीही ताणला तरी तो घसरणार. पुलीभोवती काळी रबराची भुकटी दिसणं हीही घसरल्याचीच खूण. रेस देताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर शंकाच नको.

पट्ट्यावर ऑइल, डिझेल किंवा पाणी गळत असेल, तर आधी गळती बंद करा. नाहीतर नवा पट्टाही आठवड्यात तसाच होईल. घसरणाऱ्या पट्ट्याला राळ किंवा साबण चोळू नका. तात्पुरता धरतो, पण धूळ चिकटते आणि पट्टा आणि पुली दोन्ही लवकर जातात. पट्टा तारेसारखा ताणणंही वाईट. त्यानं अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं. नवा पट्टा सुरुवातीला थोडा वाढतो, म्हणून एक दिवस काम झाल्यावर ताण पुन्हा तपासा.

रेस दिल्यावर दिवा लागतो अशी तक्रार असेल, तेव्हा पहिला संशय पट्ट्यावर घ्यावा. खर्च सगळ्यांत कमी इथंच आहे.

पायरी दुसरी : बॅटरी बघा

इंजिन रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा उतरलेली आहे. ती बाहेर पूर्ण चार्ज करून मगच पुढची तपासणी करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. मग घासून, घट्ट बसवून, वर थोडं व्हॅसलीन लावा. टर्मिनल सोडताना आधी उणे, मग अधिक. जोडताना आधी अधिक, मग उणे.

पायरी तिसरी : रेस देऊन बघा

ही खरी परीक्षा. एक माणूस सीटवर बसवा. हेडलाइट लावा, म्हणजे अल्टरनेटरवर ओझं येईल. मीटर बॅटरीवर. आधी हळू रेस, मग एकदम रेस. आकडा काय सांगतो ते असं :

१. १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा स्थिर राहिला, तर चार्जिंग चांगलं आहे.

२. एकदम रेस देताच आकडा साडेबारापर्यंत पडला आणि क्षणात वर आला, तर पट्टा घसरतोय.

३. पट्टा चांगला असूनही रेस वाढेल तसा आकडा पडतो आणि रेस सोडल्यावर सुधारतो, तर बहुधा कार्बन झिजलेत. अल्टरनेटर उघडून बघावा लागेल.

४. आकडा नाचतोय, स्थिर होतच नाही, तर कुठेतरी वायर सैल आहे. इंजिन हळू चालू ठेवून, पंख्यापासून हात लांब ठेवून, वायरिंग एकेक ठिकाणी हलवा. जिथं हलवल्यावर आकडा उडी मारील तिथं दोष.

५. रेसबरोबर आकडा १५ च्या वर चढत गेला, तर रेग्युलेटर गेला. अशा गाडीत बल्ब वारंवार उडतात, बॅटरीचं पाणी लवकर आटतं, आंबट वास येतो.

६. रेस कितीही दिली तरी आकडा साडेबाराच्या पुढं जात नाही, तर चार्जिंग होतच नाही. फ्यूज, वायर आणि मग अल्टरनेटर या क्रमाने बघा.

मीटर नसेल तर रात्री ट्रॅक्टर भिंतीसमोर उभा करून हेडलाइटचा उजेड बघा. कमी रेसवरून थोडी वाढवल्यावर उजेड जरा वाढून स्थिर झाला, तर ठीक. एकदम रेस देताच मंद झाला, तर पट्टा. वाढतच गेला, तर रेग्युलेटर. थरथरला, तर सैल वायर किंवा कार्बन.

पायरी चौथी : वायरीत वीज अडते का?

पुष्कळदा अल्टरनेटर चांगला असतो, पण वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही. पाटात कचरा अडकला की शेवटच्या सरीला पाणी येत नाही, तसंच. इंजिन मध्यम रेसवर आणि हेडलाइट चालू ठेवा. मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या नटावर, दुसरी बॅटरीच्या अधिक टर्मिनलवर. आकडा पाव व्होल्टच्या आत हवा. मग एक काडी अल्टरनेटरच्या उघड्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या उणे टर्मिनलवर. इथंही आकडा ०.२ च्या आतच हवा. जास्त आला, तर त्या बाजूचे जोड गंजलेत किंवा ढिले आहेत. अर्थिंगच्या पट्टीखाली गंज किंवा रंग असेल तर तो पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. वायरीतल्या अशा अडथळ्यामुळेही रेस वाढेल तसा लाल दिवा मिणमिणू लागतो.

नव्या गाड्यांबद्दल एक सूचना

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या काही गाड्यांत अल्टरनेटरवर संगणकाचा ताबा असतो. जोरात रेस दिली की तो इंजिनावरचं ओझं कमी करण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी करतो आणि रेस सोडल्यावर वाढवतो. अशा गाडीत रेस देताना आकडा थोडा वेळ साडेबारावर आला, लाल दिवा मात्र लागला नाही, तर तो दोष नव्हे. गाडीची पुस्तिका बघा, आणि दिवा लागत असेल तर मात्र कंपनीच्या माणसाला दाखवा.

या गोष्टी करू नका

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग होतंय का' ते बघण्याची पद्धत डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरला ती मारक. वायर काढताच विजेचा दाब उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर, नव्या गाडीत संगणकसुद्धा जळतो. कुणी मिस्त्री तसं करू लागला तर हात धरा.

अल्टरनेटरची वायर अंगाला टेकवून ठिणगी काढून बघू नका. ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी सोडा. बॅटरी उलटी जोडू नका. ट्रॅक्टर धुताना पाण्याचा फवारा अल्टरनेटरवर मारू नका. कोकणात भाताच्या चिखलणीनंतर त्यावरचा चिखल वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, आणि मळणीनंतर त्याच्या जाळीत अडकलेला भुसा काढा.

गॅरेजला केव्हा न्यावं?

पट्टा, टर्मिनल, अर्थिंग ही कामं घरची. कार्बन, डायोड आणि रेग्युलेटर ही वायरमनची. बंद ठेवलेली बॅटरी रोज रात्रीतून उतरते आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटरमधून सायरनसारखा बारीक सूर येतो, तर डायोडचा संशय घ्या. गॅरेजला जाताना नुसतं 'चार्जिंग होत नाही' असं सांगू नका. किती रेसवर दिवा लागतो, मीटरचा आकडा किती पडतो, पट्टा तपासला की नाही, हे कागदावर लिहून न्या. म्हणजे मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि तुमच्या खिशातली नवी बॅटरीही वाचते.

शेवटी थोडक्यात सांगतो. दर आठवड्याला पट्टा दाबून बघा. पंधरा दिवसांनी बॅटरीचं पाणी बघा आणि कमी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला. महिन्यातून एकदा टर्मिनल आणि अर्थिंग घट्ट करा. गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मीटर लावून रेसची परीक्षा घ्या. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या लावा. दिवा विझला तरी त्या मागच्या गाडीच्या उजेडात चमकतात. आणि लाल दिवा रेसवर एकदा जरी लुकलुकला, तरी त्या रात्री लांबच्या खेपेला निघण्याआधी पट्ट्याला अंगठा लावून बघाच.